उपदेशानें उद्योजक घडतात काय?

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या पुण्याहून घरीं आला तो एक नवा शब्द बरोबर घेऊन आला. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या अंघोळीच्या दिवशीं फराळाला बसलों असतां सर्वांसमक्ष तो म्हणाला, "मी कॉलेजांत मुलाखतींना येणाऱ्या कंपन्यांकडे नांव नोंदविणार नाहीं. मी स्टार्टअप काढणार." आमच्या घरांत आजवर शिक्षक झाले, कारकून झाले, एक वैद्य होऊन गेले, एक जण बँकेंत अधिकारी झाले, पण दुकानाची पायरी चढावयाची ती गिऱ्हाईक म्हणूनच, अशी आमची परंपरा. त्यामुळें त्या वाक्यानंतर कोणीं चकली मोडली तिचाहि आवाज मोठा वाटला. आमचे वडील बंधु, ज्यांना घरांत सर्व दादा म्हणतात, यांनीं एवढेंच विचारलें, "हें तुला कोणीं शिकवलें?"

प्रश्न रागानें विचारलेला होता. तरी प्रश्न म्हणून तो मोलाचा होता. चौकशी करतां असें समजलें कीं, कॉलेजांत चार दिवसांचें उद्योजकता-शिबिर झालें होतें. पहिले दोन दिवस एका तरुण कारखानदाराचें आत्मवृत्त, चित्रफिती आणि टाळ्या. तिसऱ्या दिवशीं गटागटानें बसून कागदावर धंदा आंखणें. आणि चौथ्या दिवशीं, आपण नोकरी मागणारे न होतां देणारे होऊं, अशी सामुदायिक प्रतिज्ञा. आमच्या पुतण्याच्या गटानें आंखलेला धंदा हळदीचा होता. वाईच्या परिसरांतील शेतकऱ्यांकडून हळकुंडें घ्यावयाचीं, तीं दळून आणावयाचीं आणि हळद सुबक पाकिटांत भरून पुण्यांतील गृहसंकुलांत विकावयाची. कागदावर पहिल्या वर्षीं नफा होता, दुसऱ्या वर्षीं तो दुप्पट होता. तिसऱ्या वर्षीं किती होता तें आम्हीं विचारलें नाहीं.

अशीं शिबिरें आतां गांवोगांवच्या महाविद्यालयांत होतात. २०१६ सालीं केंद्र सरकारनें स्टार्टअप इंडिया ही योजना सुरू केल्यापासून तर त्यांस भरतीच आली आहे. हेतु उघड आहे. पदव्या घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांस पुरतील इतक्या चांगल्या नोकऱ्या नाहींत. तेव्हां त्यांच्या मनांत व्यवसायाची इच्छा उत्पन्न करावी, म्हणजे कांहीं जण तरी स्वतःच्या पायांवर उभे राहतील. पण इच्छा ही अशी उत्पन्न करतां येते काय? व्याख्यानानें येते कीं शिकवणीनें येते? आणि आलेली इच्छा टिकते काय? शिबिरें भरविणारांनीं हे प्रश्न जितके विचारावयास पाहिजेत तितके ते विचारतांना दिसत नाहींत. घरांतील वडील माणसांनीं तर ते मुळींच विचारलेले नाहींत. आम्ही एक तर हसतों, नाहीं तर रागावतों.

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असें कोणी विचारील तर तो एका अपराधाचा आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वीं गणेशोत्सवांत 'नोकरी कीं व्यवसाय' या विषयावर आम्हीं व्याख्यान दिलें. वर्गांत संस्कृत शिकवितां शिकवितां वाणीला थोडी झिलई चढलेली होती. दृष्टान्तांची वाण नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांचें चरित्र आम्हीं रंगवून सांगितलें: मुंबईच्या तंत्रशिक्षणसंस्थेंतील शिक्षकाची नोकरी, हक्काची बढती डावलली जाणें, बेळगांवांतील सायकलींचें दुकान, १९१० सालीं कुंडलच्या माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी. सभा तल्लीन झाली. श्रोत्यांत आमचाच एक जुना विद्यार्थी होता. तो तेव्हां रसायनशास्त्र घेऊन बी. एस्‌सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. पदवी हातीं येतांच त्यानें कपडे धुण्याच्या पावडरीचा लहानसा कारखाना काढला. वडील एका कचेरींत कारकून होते व नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचा सर्व फंड त्यांत गेला. दीड वर्षांत कारखाना बंद पडला. पावडर वाईट नव्हती, आमच्या घरीं आम्हीं ती वापरली आहे. पण दुकानदार माल ठेवून घेत आणि पैसे तीन-तीन महिने देत नसत. असें होतें हें त्या मुलाला कोणीं सांगितलें नव्हतें. आम्हांला तरी तें कोठें ठाऊक होतें! एके दिवशीं सायंकाळीं ते गृहस्थ आमच्याकडे आले, ओसरीवर बसले, पाणी प्याले. उठतांना म्हणाले, "मास्तर, त्या दिवशीं तुम्ही फार छान बोललांत." त्यांच्या बोलण्यांत उपरोध नव्हता, असता तर बरें झालें असतें. तो मुलगा आज एका औषधांच्या कारखान्यांत नोकरीला आहे व त्याचें ठीक चाललें आहे. भेटला म्हणजे वाकून नमस्कार करतो, आणि आशीर्वादासाठीं उचललेला आमचा हात जड होतो.

त्यानंतर त्या विषयावर आम्हीं कधीं व्याख्यान दिलें नाहीं. पण आपल्या हातून नेमकी चूक कोणती झाली, याचा विचार मनांत चालूच होता. आणि त्याचें उत्तर आम्हांस आमच्या जुन्या पोथ्यांतच प्रथम सांपडलें.

मनुष्य कोणत्याहि कामाला कसा प्रवृत्त होतो याचा क्रम नैयायिकांनीं लावून ठेवला आहे. आधीं ज्ञान, ज्ञानापासून इच्छा, इच्छेपासून प्रयत्न. 'हें मी करीन' अशा इच्छेला त्यांनीं चिकीर्षा असें नांव दिलें आहे. सतराव्या शतकांतील विश्वनाथ पंचाननांच्या कारिकावलींत आणि तिच्यावरील मुक्तावली टीकेंत या चिकीर्षेचीं कारणें सांगितलीं आहेत. हें काम माझ्या प्रयत्नानें होण्याजोगें आहे, हें ज्ञान एक. त्याला कृतिसाध्यता म्हणतात. हें झालें असतां मला हवें असलेलें फळ मिळेल, हें ज्ञान दुसरें, ती इष्टसाधनता. चंद्र हातीं आला तर कोणास नको आहे? पण तो आणणें आपल्या प्रयत्नानें होण्याजोगें नाहीं, हें ठाऊक असल्यामुळें कोणी शिडी लावीत नाहीं. या दोन ज्ञानांच्या आड येणारी एक तिसरी गोष्टहि आहे. मिळणाऱ्या फळापेक्षां मोठें अनिष्ट यांतून ओढवेल, अशी समजूत झाली कीं चिकीर्षा अडते. मध आणि विष घातलेलें अन्न पुढें आलें तर भूक असूनहि हात पुढें होत नाहीं, तो यामुळें.

पश्चिमेकडील पंडितांनीं हाच विषय अलीकडे व्यवसायाच्या अंगानें हातीं घेतला आहे. १९८२ सालीं अमेरिकेंतील आल्बर्ट शापेरो यांनीं असें मांडलें कीं, उद्योग काढण्याकडे मन वळण्यास तो हवासा वाटला पाहिजे आणि आपल्याला जमण्याजोगा वाटला पाहिजे. आमच्या पोथींतील दोन ज्ञानांशीं याचें इतकें साम्य आहे कीं, वाचतांना आम्हांस आपल्याच गांवचा मनुष्य परमुलखांत भेटल्यासारखें झालें. १९९१ सालीं आइसेक आयझेन यांनीं मानवी वर्तनाचा जो सिद्धांत सविस्तर मांडला, त्यांत या दोहोंच्या जोडीला आणखी एक कारण आहे: आपल्या जवळच्या माणसांस हें पसंत पडेल काय, याविषयींची मनुष्याची समजूत. विद्यार्थ्यांच्या उद्योगेच्छेवर आज जगभर जें संशोधन होतें त्याचा पाया बहुधा या दोघांच्या विचारांवर घातलेला असतो. 'जवळचीं माणसें' हें कलम वाचून आम्हांस दादांची मुद्रा आठवली, हें सांगावयास नकोच.

आतां उपदेशाकडे येऊं. 'हें मला जमेल' असा विश्वास मनुष्यास कोठून येतो, याचा विचार स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनीं १९७७ सालीं केला आणि त्याचे चार उगम सांगितले. स्वतः काम करून आलेलें यश. आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणास यश आलेलें पाहणें. 'तुला जमेल' असें इतरांनीं बोलून पटविणें. आणि प्रसंगीं शरीर व मन शांत आहे कीं कांपतें आहे याची जाणीव. यांत पहिला उगम सर्वांत बलवान. बोलून पटविण्याचा उगम दुबळा, आणि तो दुबळा कां हेंहि त्यांनीं सांगितलें आहे: बोलण्यानें चढलेला विश्वास पहिल्या आपटीबरोबर उतरतो. पावडरीच्या कारखान्याची हकीकत आम्ही बांडुरांस कळविली असती तर त्यांस नवल वाटलें नसतें.

उपदेश अगदींच व्यर्थ, असें मात्र म्हणतां येत नाहीं. लंडन आणि फ्रान्समधील ग्रेनोबल येथील विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचें एक परीक्षण २००७ सालीं प्रसिद्ध झालें. उद्योजकतेचा अभ्यासक्रम घेतलेल्यांची इच्छा तो न घेतलेल्यांच्या मानानें वाढली होती. ती कशानें वाढली याचा शोध घेतां असें दिसलें कीं, मिळालेल्या माहितीनें नव्हे, संस्थेनें पुरविलेल्या साधनांनींहि नव्हे, तर कोणा व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या रूपानें मनाला जो स्पर्श झाला त्यानें. म्हणजे आमच्या पुतण्याच्या शिबिरांतील तो तरुण कारखानदार आपलें काम चोख करून गेला होता. पण त्याच परीक्षणांत हेंहि आढळलें कीं, अभ्यासक्रम संपतांना प्रत्यक्ष कांहीं सुरू करण्याच्या खटपटींत ते विद्यार्थी इतरांच्या पुढें नव्हते. इच्छा वाढली होती, पाऊल उचललें गेलें नव्हतें.

याच्या उलट हकीकत हॉलंडांतील आहे, आणि ती आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. तेथें आव्हान्स नांवाची एक व्यावसायिक उच्चशिक्षणसंस्था आहे. (आपल्या 'आव्हाना'शीं तिचा संबंध नाहीं, तो अक्षरांचा योगायोग.) तिच्या ब्रेडा येथील शाखेंत विद्यार्थ्यांनीं वर्षभर एक छोटी कंपनी चालवावयाची असे, डेन बॉश येथील शाखेंत असा पाठ नव्हता. एकाच संस्थेच्या दोन शाखा, एकींत शिक्षण आहे, एकींत नाहीं. परीक्षणास याहून सोयीची जागा कोणती? कंपनी नुसती कागदावरची नव्हे. दहाएक विद्यार्थी एकत्र येत, भाग विकून भांडवल जमवीत, आपसांत अधिकारी निवडीत, खरा माल खऱ्या गिऱ्हाइकास विकीत, आणि वर्षअखेरीस कंपनी गुंडाळून हिशेब चुकता करीत. हेस्सेल ओस्टरबेक, मिर्यम व्हान प्राख आणि त्यांच्या सहकाऱ्यानें दोन्ही शाखांतील मुलांची वर्षारंभीं व वर्षअखेरीस पाहणी केली. २०१० सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, मुलांच्या उद्योजकीय गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं, आणि व्यवसाय काढण्याची इच्छा वाढण्याऐवजीं कमी झाली.

हें वाचून कित्येकांनीं कपाळाला हात लावला असेल. शिक्षण देऊन इच्छा कमी होणार असेल तर तें द्यावें कशाला? आमचें मत निराळें आहे. ज्याला पोहावयाचें आहे त्याला व्याख्यान देऊन नदीची ओढ लावतां येते. पण घाटावर नेऊन कमरेएवढ्या पाण्यांत उभें केलें म्हणजेच कळतें कीं, याला पाण्याची आवड आहे कीं काठावरून दिसणाऱ्या पाण्याची. ब्रेडा येथें जीं मुलें मागें सरलीं तीं वर्षभराच्या अनुभवानें मागें सरलीं, आणि भागधारकांच्या किरकोळ पैशांत सरलीं. बापाच्या फंडांत नव्हे. त्याच वर्षीं म्यूनिक विद्यापीठांतील एक परीक्षण प्रसिद्ध झालें. तेथें व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांस सक्तीचा उद्योजकता-पाठ होता. पाठानंतर, आपल्याला हें काम कळतें, असें वाटणारे वाढले. हें काम करूं म्हणणारे मात्र किंचित् कमी झाले. परीक्षकांनीं त्याचा अर्थ असा लावला कीं, असें शिक्षण मनुष्यास स्वतःची पारख करून देतें. ज्याचा तो पिंड आहे त्याचा निश्चय पक्का होतो, ज्याचा नाहीं तो वेळींच निराळी वाट धरतो. आम्ही शाळेंत चाळीस मुलांच्या वर्गाला गणित शिकवीत असूं, तें चाळीसहि गणिती व्हावेत म्हणून थोडेंच!

ट्युनिशियाचा प्रयोग याहूनहि काटेकोर होता. २००९-१० या शैक्षणिक वर्षीं तेथील विद्यापीठांत पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांनीं अर्ज केले त्यांतून चिठ्ठ्या टाकून निम्म्यांस निवडलें. या निवडलेल्यांनीं नेहमींच्या प्रबंधाऐवजीं एका धंद्याचा आराखडा लिहावयाचा, त्यासाठीं प्रशिक्षण घ्यावयाचें, आणि प्रत्येकास मार्गदर्शक द्यावयाचा, अशी योजना होती. वर्षभरानें पाहिलें तों स्वतःचा व्यवसाय करणारे या गटांत थोडे अधिक होते; चार वर्षांनीं पाहिलें तों तो फरक मावळला होता. मधल्या काळांत देशांत राज्यक्रांति होऊन गेली, हें खरें. पण आराखडा लिहिणें म्हणजे धंदा करणें नव्हे, हेंहि तितकेंच खरें.

आपल्या देशाचाहि या शास्त्रांत एक मानाचा प्रयोग आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे डेव्हिड मॅक्लेलंड यांनीं १९६४ सालीं आंध्रांतील काकिनाडा शहरच्या व्यापाऱ्यांस गटागटानें हैदराबादच्या लघुउद्योग-प्रशिक्षण संस्थेंत आणलें आणि दहा दिवस शिकविलें. शिकविलें काय? हिशेब नव्हे, कायदा नव्हे. चित्र पाहून गोष्ट लिहावयाची आणि तींतील माणूस यशासाठीं धडपडतो कीं नशिबावर भार टाकतो हें आपलें आपणच तपासावयाचें. खुंटीवर कडीं फेकण्याचा खेळ खेळावयाचा आणि आपण किती अंतरावर उभे राहतों तें पाहावयाचें: अगदीं जवळ उभा राहणारा भित्रा, फार लांब उभा राहणारा जुगारी, आणि ज्याला खरोखर जिंकावयाचें असतें तो मध्यम अंतर निवडतो. शेवटीं पुढील दोन वर्षांचा स्वतःचा संकल्प लिहून काढावयाचा. पुढें त्यांची तुलना असें शिक्षण न मिळालेल्या व्यापाऱ्यांशीं केली, तेव्हां यांनीं अधिक नवे उपक्रम काढले, अधिक पैसा गुंतवला, अधिक माणसें कामाला लावलीं, असें आढळलें. १९६९ सालच्या ग्रंथांत मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनीं हें सर्व दिलें आहे. हे विद्यार्थी नव्हते, धंद्यांत मुरलेले लोक होते, हें विसरून चालणार नाहीं. तरी या प्रयोगाची छाया आपल्याकडील पुढच्या सर्व उद्योजकता-शिक्षणावर पडलेली आहे: गुजरातेंत १९७० पासून सुरू झालेले वर्ग, १९८३ सालची अहमदाबादची संस्था, आणि १९८८ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, निघालेलें महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र.

काकिनाड्याच्या हकीकतींतील एक बारीकशी गोष्ट एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांनीं अवश्य लक्षांत घ्यावी. ज्यांच्या धंद्याचा निर्णय त्यांच्या स्वतःच्या हातीं होता त्यांच्यांत फरक अधिक पडला. ज्यांना घरीं परतून दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागत होतें त्यांच्यांत तितका पडला नाहीं.

आमच्या घरीं दिवाळीचे उरलेले दिवस तोंडाकडे पाहण्यांतच चालले होते. मम्मटानें काव्यप्रकाशांत उपदेशाच्या तीन तऱ्हा सांगितल्या आहेत: राजाच्या आज्ञेसारखा, मित्राच्या सल्ल्यासारखा, आणि प्रियेच्या मधुर बोलण्यासारखा. दादांचा मार्ग पहिला: "आधीं नोकरी." आमच्या धाकट्या बंधूंचा, म्हणजे मुलाच्या वडिलांचा, दुसरा: "बघ बाबा, तुझ्या हिताचें सांगतों." शिबिरवाल्यांनीं तिसरा वापरला होता, आणि तिसऱ्यापुढें पहिल्या दोघांचें चालत नाहीं, हा मम्मटाचा अनुभव येथेंहि आला. मुलगा हट्टाला पेटला. जितका विरोध अधिक तितकी त्याची हळद अधिक पिवळी होत चालली. तेव्हां एके रात्रीं झोंपाळ्यावर बसून आम्हीं त्याला किर्लोस्करांची गोष्ट पुन्हां सांगितली. मात्र या वेळीं गणेशोत्सवांत गाळलेला भाग सांगितला. लोखंडी नांगर तयार झाला तरी लोखंडानें जमीन नासते अशा समजुतीनें शेतकरी तो घेईनात, आणि पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. मीमांसकांच्या भाषेंत सांगावयाचें तर पूर्वीं आम्हीं त्या चरित्राचा नुसता अर्थवाद केला होता: स्तुति तेवढी उचलली होती. मुलानें विचारलें, "दोन वर्षें त्यांनीं खाल्लें काय?" शिबिरांत हा प्रश्न त्याला सुचला नव्हता.

मग आम्हीं मुलापुढें आणि दादांपुढें एक तोड ठेवली. पन्नास किलो हळकुंडांचे पैसे आम्ही आमच्या निवृत्तिवेतनांतून देतों. ते बुडाले तर बुडाले, कोणीं त्याचा उच्चार करावयाचा नाहीं. मुलानें महाविद्यालय न चुकवितां, रविवारीं विक्री करून, पौष संपेपर्यंत हिशेब आणून दाखवावा. नोकरीचा विचार त्यानंतर. दादा म्हणाले, "म्हणजे तूं त्याला फूस लावतोस." आम्हीं म्हटलें, "फूस एकदां लावून पाहिली आहे. ही ती नव्हे."

नवी हळद माघ-फाल्गुनांत निघते, म्हणून एका परिचित शेतकऱ्याकडून मागच्या हंगामांतलीं हळकुंडें घेतलीं. दळून अठ्ठेचाळीस किलो हळद हातीं आली. दोन किलो कोठें गेली, हा पहिला धडा; शिबिरांतल्या आराखड्यांत पन्नासांचे पन्नास धरलेले होते. दोनदोनशें ग्रॅमचीं २४० पाकिटें झालीं. पुण्यांत ज्या संकुलांत आमचे आप्त राहतात तेथें परवानगी मिळाली. पहिल्या रविवारीं एकटें जावयाचा संकोच वाटला म्हणून त्यानें चुलतबहिणीला, दादांच्या मुलीला, बरोबर नेलें. ती पुण्यासच एम. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शिबिराला ती गेलेली नव्हती. तिला कोणीं बोलावलेंहि नव्हतें.

पौष संपला तेव्हां हिशेबाची वही आली. १५२ पाकिटें रोखीनें गेलीं होतीं, २३ उधारीवर, ६५ शिल्लक. पुतण्याचा हिशेब अगदीं स्वच्छ होता. बसभाडें, पाकिटें, दळणावळ, एका पावसाळी दिवशीं ओलीं झालेलीं खोकीं, सर्व त्यानें मांडलें होतें, आणि खालीं स्वतःच्या श्रमाचे पैसे धरले तर नफा उरत नाहीं असें प्रामाणिकपणें लिहिलें होतें. पण त्यानें आणखी एक रकाना केला होता: पाकीट कोणीं विकलें. १५२ पैकीं ९७ त्याच्या बहिणीनें विकलीं होतीं.

आम्हीं दोघांना समोर बसवून विचारलें. तो म्हणाला, "काका, दार वाजवलें कीं मला माफी मागावीशी वाटते. यंत्र, पाकीट, हिशेब हें सगळें मला आवडलें. विकणें मात्र नाहीं आवडलें." हें सांगतांना त्याच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा नव्हता. माघांत त्यानें मुलाखतींसाठीं नांव नोंदविलें. ब्रेडाच्या त्या मुलांत आणि याच्यांत आम्हांस अंतर दिसत नाहीं. मुलगी म्हणाली, "मी तर नुसती सोबतीला गेलें होतें." मग ती बोलूं लागली ती थांबेना: गरम पाण्याच्या पेल्यांत चिमूटभर हळद टाकून दाखविली कीं वासानेंच बायका पाकीट घेतात, तीन घरांनीं लोणच्यासाठीं आंबेहळद मिळेल का म्हणून विचारलें, २३ उधाऱ्यांपैकीं १९ तिनें वसूल करून आणल्या आहेत आणि उरलेल्या चार कोणाकडे आहेत तें तिला तोंडपाठ आहे. आणि शेवटीं, "काका, मला पन्नास किलो पुन्हां मिळतील का?"

चिकीर्षा म्हणतात ती ही. तिच्यापुढें कोणीं भाषण केलें नव्हतें. दार वाजवावयाचें, दार उघडावयाचें, पाकीट जावयाचें. आपल्याला जमतें हें तिला तिच्या हातांनीं सांगितलें. आणि आमच्यापैकीं एकाच्याहि मनांत, जो विचार मुलाविषयीं इतके दिवस चालला होता, तो या मुलीविषयीं आला नव्हता, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशीं फार लागली. मुलीनें 'स्टार्टअप' म्हटलें असतें तर चकली मोडल्याचा आवाज थांबलाहि नसता. सर्व हंसलों असतों.

तिच्या बाबतींत अडचण निघाली ती त्या तिसऱ्या गोष्टीची, मोठ्या अनिष्टाच्या भीतीची. वहिनींस धास्ती कीं, मुलगी दारोदार हळद विकते हें ऐकून येणारीं स्थळें माघारीं जातील. दादांस धास्ती कीं, आज पन्नास किलो, उद्यां पांचशें, परवां घर गहाण. या धास्ती खोट्या म्हणून उडवून लावणें आम्हांस जमलें नाहीं. पावडरीच्या कारखान्याचे ते गृहस्थ डोळ्यांपुढें होते. स्थळांविषयीं आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, जें स्थळ हळदीमुळें माघारीं जाईल तें गेलेलें बरें. वहिनींनीं होकार दिला नाहीं, नकारहि दिला नाहीं. पैशांविषयीं मात्र तीन संध्याकाळ बोलणें झालें. एकत्र कुटुंबाचा फायदा असा कीं, एकाच्या बुडण्यानें सर्व बुडत नाहींत, मात्र किती बुडूं द्यावयाचें हें आधीं ठरलेलें असावें. कोणाचें आजारपण, कोणाचें शिक्षण, कोणाचें लग्न यांस धक्का लागणार नाहीं, अशी एक रक्कम तिघां भावांनीं मिळून काढली. दादांनीं स्वतःच्या हातानें घरच्या वहींत नवें खातें घातलें, आणि त्याखालीं लिहिलें कीं, या रकमेचा विनियोग मुलीच्या इच्छेप्रमाणें व्हावा. बुडाल्यास विचारणा करूं नये. याहून अधिक मागूं नये. हें शेवटचें वाक्य त्यांनीं दोनदां अधोरेखित केलें.

पुतण्या तिला पाकिटांचें यंत्र पाहून देणार आहे. परीक्षा झाल्या कीं नव्या हळदीची खरेदी. शिल्लक राहिलेलीं ६५ पाकिटें घरींच आलीं असून रोजच्या आमटींत पडत आहेत. वहिनींनीं त्यांचे पैसे भावाप्रमाणें रोख दिले आणि मुलीकडून वहींत जमा करून घेतले.